एका पत्रिकेत दोन द्वारका

५ एप्रिल १९६५, धाड

बाबा बुलढाण्याहून पत्रिका न छापताच परत आले. छापखान्यातल्या माणसानं मजकूर वाचून सांगितलं, "पोस्टमास्तर, काहीतरी गडबड हाय. नवरीचं नाव द्वारका अन् नवरदेवाच्या मायचंही नाव द्वारकाच पडून राह्यलं."

बाबांना वाटलं, आपलीच नजर चुकली. पण आमच्याकडचा मजकूर त्यांच्या हातचा होता आणि तिकडचा धामणगाव बढ्याहून बंद पाकिटात आला होता. वर 'छापखान्यासाठी' लिहिलेलं. ते पाकीट बाबांनी तसंच नेऊन दिलं. वीस वर्षं पोस्ट सांभाळलेला माणूस, दुसऱ्याचं पाकीट फोडेल कसा?

तीन महिने सोयरीक चालू आहे. दोन्हीकडून माणसं आली-गेली, मी चहा दिला, पत्रिका जुळल्या, साखरपुडा झाला. आणि विहीणबाईंचं नाव काय, हे एकालाही माहीत नव्हतं. त्या म्हणजे 'मधूची माय'. आई म्हणाली, "बाईचं नाव कोन इचारते वं?" मीसुद्धा विचारलं नाही. नावांची वही ठेवणारी मी, आणि मीच विचारलं नाही. लाज वाटली.

७ एप्रिल

धामणगावहून निरोप. सासूसुनेचं नाव एक चालत नाही. लग्नात नाव बदलायचंच आहे, तर पत्रिकेतच नवं नाव छापा. नाव ठरलंय : सुहासिनी.

निवड म. यांची म्हणे. (म. म्हणजे मधुकर, नवरदेव. 'हे' लिहायला अजून हात वळत नाही.) हुकूम मात्र त्यांच्या आत्याबाईंचा. त्या दुसरबीडला राहतात, पण धामणगावच्या घरातलं पान त्यांच्याशिवाय हलत नाही.

सुहासिनी. चारदा म्हणून पाहिलं. दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं वाटलं.

मी आईला म्हटलं, "मी नाही बदलत." आई पोळ्या लाटत होती. म्हणाली, "माहं नाई बदललं? मी वच्छला होती. इथं आली तं लक्षुमी झाली. काय बिघडलं?"

मग थोड्या वेळानं आपणहून म्हणाली, "पयलं वरीस हाक आयकूच ये ना. सासू लक्षुमी लक्षुमी करे अन् मी आपली खाली मान घालून बसलेली. साऱ्या गावात सांगत फिरली, सून बहिरी देल्ली म्हने." हसली. मला हसू आलं नाही.

८ एप्रिल

वही काढली. मास्तरकीच्या ट्रेनिंगला वर्गात आम्ही तिघी द्वारका होतो, तेव्हापासून ही वही आहे. बाई आम्हाला गावाच्या नावाने हाक मारायच्या. मी 'धाड' होते. "धाड, उभी राहा" म्हटलं की अख्खा वर्ग हसायचा. तेव्हा ठरवलं, या नावाच्या नामांकित बाया शोधून काढायच्या आणि लिहून ठेवायच्या. आपलं नाव काही असंतसं नाही, एवढं मला स्वतःला दाखवायचं होतं.

आज पुन्हा वाचल्या.

द्वारकाबाई सुईण, धाड. अर्ध्या गावाची नाळ हिनं कापली, मीही त्यातच. पुराच्या दिवसांत पलीकडच्या वस्तीत एक बाई अडली होती. होडी नाही, पूल नाही. ही म्हशीचं शेपूट धरून पाण्यात उतरली. पोर जगलं. त्याचं आता लग्न होऊन त्याला पोर आहे. म्हैस कोणाची होती यावरून गावात अजून वाद चालतो.

शंकरपटातली द्वारका. भावाचं धोतर नेसून, फेटा बांधून तिनं पटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकली. जिंकली तेव्हा फेटा सुटला. पंच म्हणाले, बाईला बक्षीस देता येत नाही. ती म्हणाली, "मले नोका देऊ. बैलाईले द्या." दिलं. मी तिला भेटून आले आहे, म्हातारी झाली. हाताला घट्टे अजून आहेत.

द्वारकाबाई मेंबर, दुसरबीड. ग्रामपंचायतीत बाई पाहिजे म्हणून हिला घेतलं आणि अंगठ्यासाठी वही घरी पाठवायला लागले. हिनं अंगठा दिला नाही. चावडीवर जाऊन उभी राहिली. खुर्ची आणली तेव्हा बसली. आता एक बैठक चुकवत नाही. आत्याबाई हिचं नाव काढलं की थुंकतात, असं ऐकलं.

यांच्या रांगेत माझं नाव लागावं असं मी अजून काही केलेलं नाही. पण रांगेतून बाहेर जायचं तर स्वतःच्या पायानं जाईन, कोणी ढकललं म्हणून नाही.

११ एप्रिल

म. आले होते. निमित्त बैलबाजाराचं. बैलातलं त्यांना काही कळत नाही, पंचायत समितीत कारकून आहेत. बाबा पुढच्या खोलीत पेपर धरून बसले, म्हणजे आम्हाला बोलता यावं आणि त्यांना ऐकता यावं.

म. म्हणाले, "एका घरात दोन द्वारका कशा चालतील? आबा तुले हाक कशी मारतील?"

"तुमच्या आईंना कशी मारतात?"

"अवं म्हनते."

"तुम्ही?"

"आई."

"आत्याबाई?"

"मधूची माय."

"शेजारपाजार?"

"तेच."

"मग त्यांना द्वारका कोण म्हणतं?"

बराच वेळ विचार केला बिचाऱ्यांनी. शेवटी म्हणाले, "रेशन कार्ड."

पेपरामागे बाबा खोकले. हसू लपवायचं असलं की ते खोकतात.

मी म्हटलं, "ज्या घरात ते नाव कोणी तोंडातून काढलंच नाही, त्या घरात त्याची गर्दी कशी काय होईल?" माणूस वाईट नाही. चिडत नाही, ऐकून घेतो. पण ऐकून घेणं आणि उभं राहणं यांत फरक आहे. जाताना म्हणाले, "सुहासिनी आवडलं नाही का तुले?" मी म्हटलं, "छान आहे. मुलगी झाली तर ठेवू." कानापर्यंत लाल झाले.

१५ एप्रिल

आईचं रडणं सुरू आहे. "नावापायी लगन मोडशीन." शाळेतल्या हेडबाईंचं वेगळंच. सर्टिफिकेट, सर्व्हिस बुक, सगळीकडे द्वारका, ते बदलायला अर्ज, पुरावे, हेलपाटे. "पण करतात सगळ्याच," म्हणाल्या. त्यांनीही केलंय.

सगळ्याच करतात, हे मला कारण म्हणून पटत नाही. नाही बदलणार. इथे लिहून ठेवते म्हणजे उद्या माझं मलाच मागे फिरता यायचं नाही.

पण एक खरं. माझं सगळं भांडण ज्या बाईच्या नावाशी आहे, तिला मी अजून धड पाहिलेलंही नाही. साखरपुड्याला त्या पदर पुढे ओढून चुलीपाशी होत्या.

१७ एप्रिल

वार्षिक परीक्षेला दुसऱ्या गावचे मास्तर जातात. मला देऊळगावचं केंद्र होतं. ते दुसऱ्या बाईंना दिलं आणि धामणगाव बढ्याचं मागून घेतलं. हेडबाईंनी वर पाहिलं आणि सही केली.

लग्नाआधी सासरच्या गावात पाऊल ठेवत नाहीत. मी सासरी चालले नाही, चौथीची परीक्षा घ्यायला चालले आहे. आईला फक्त परीक्षा सांगितली, गाव सांगितलं नाही.

२१ एप्रिल

काल धामणगाव. बुलढाण्याला एस. टी. बदलून, मोताळ्यावरून. मी पोचण्याआधी मी येणार ही बातमी पोचली होती. गणिताचा पेपर संपला तर मधूची माय स्वतःच दारात. हातात ताकाचा तांब्या, 'मास्तरणीसाठी'.

शाळेमागे लिंबाखाली बसलो. बारीक अंगाच्या, बोलताना तोंडापुढे हात धरतात. मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, सर्टिफिकेट, वही, सगळं. म्हटलं, "आई, रागावू नका. तुमचं माझं नाव एक आहे..."

त्या म्हणाल्या, "माहं नाई ते."

गळ्यातल्या पोतीखालून चांदीचा टाक काढला. नखाएवढा. झिजून गेलेला, बाईचा आकार आहे एवढंच कळतं. "हे द्वारका," म्हणाल्या.

मामंजींची पहिली बायको. एकोणिसाव्या वर्षी बाळंतपणात गेली, मूलही गेलं. वर्षाच्या आत ह्यांना करून आणलं. सवतीचा टाक गळ्यात घालतात ते मला ठाऊक होतं, आमच्या गल्लीतही दोघींच्या गळ्यात आहे. पण आत्याबाई एक पायरी पुढे गेल्या. मेलेली रुसू नये, घरातलं तिचं नाव जाऊ नये, म्हणून तांदळावर तेच नाव लिहिलं. रोज जेवायच्या आधी त्या टाकाला घास दाखवतात. तीस वर्षं झाली.

मी विचारलं, "ती कशी होती, कोणी सांगितलं का?"

"तिले वाचता ये. गल्लीतल्या साऱ्या बायाईच्या चिठ्ठ्या तेच वाचे. मी नवी नवरी आली, तं बाया चिठ्ठ्या घेऊन दारात. द्वारका, वाच म्हने. त्याईले वाटलं, द्वारका हाय म्हंजे वाचते. मले तं अक्षर ये ना. एक चिठ्ठी तशीच हातात धरून उभी राह्यली. मंग बाया परत गेल्या."

ताक प्यायले.

"तुमचं नाव काय होतं?"

आधी इकडेतिकडे पाहिलं. "सारजा."

मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "सारजा म्हनत मले. म्हननारे समदे गेले. एक भाऊ होता, तो बी गेल्या साली गेला. आता कोनी नाई."

मी म्हटलं, "मग पत्रिकेत सारजा छापू?"

हसल्या. तोंडापुढचा हात निघाला. "बह्याड हायस का वं? आत्याबाई जित्या हायेत अजून." उठल्या, तांब्या घेतला, चार पावलं गेल्या आणि परत आल्या. "मले इचार करू दे. तीस वर्सानं कोनी इचारलं, लगेच कसं सांगू?"

बसमध्ये सगळा रस्ता रागात होते. कोणावर ते नीट सांगता येत नाही. जिच्याशी भांडायला गेले तिच्याकडे तर काहीच नव्हतं.

२२ एप्रिल

वहीत लिहिलं. द्वारका, धामणगाव बढे. वय एकोणीस. गल्लीच्या चिठ्ठ्या वाचत असे. याहून जास्त कोणालाही आठवत नाही. म्हैस नाही, बैल नाही, खुर्ची नाही. तरी हिला पहिल्या पानावर घ्यायला हवं होतं.

खाली सारजाबाईंचंही लिहायला घेतलं, पण ही वही द्वारकांची. म्हणून नवीन पान, नवीन नाव.

आईला कळलं मी कुठे गेले होते. दिवसभर अबोला. संध्याकाळी विचारलं, "कशी हाय वं सासू?" चांगली आहे म्हटलं. "मंग तिले काऊन तरास देऊन राह्यली?"

हा प्रश्न मलाही पडलाय.

२७ एप्रिल

म. यांचं पोस्टकार्ड. बाबांनी आधी वाचलं. पोस्टकार्ड वाचायला बाबांच्या कायद्यात हरकत नाही.

"आई सांगते तसे लिहितो. पत्रिकेत माझे नाव सारजा टाका. मुलीचे आहे तेच राहू द्या. आबांना विचारलेले नाही, आत्याला सांगितलेले नाही."

खाली बारीक अक्षरात त्यांचं स्वतःचं. "सव्वीस वर्षे तिच्या हातची भाकर खाल्ली. नाव आज हे कार्ड लिहिताना कळले. मला काय वाटते ते लिहिता येत नाही. छापा."

'छापा' याच्याखाली रेघ ओढलीय. उभे राहिले म. पोस्टकार्डावर का होईना.

आई म्हणाली, आधी त्यांच्या घरच्यांना विचारा. बाबा म्हणाले, "त्या घरचीनंच सांगितलं ना?" आणि सकाळच्या गाडीनं बुलढाण्याला गेले.

१ मे

पत्रिका आल्या. पिवळा कागद, हिरवी शाई, वर गणपती.

चि. मधुकर. सौ. सारजाबाई यांचे चिरंजीव. चि. सौ. कां. द्वारका. मुहूर्त रविवार ९ मे.

पुन्हा पुन्हा पाहिलं. दोन्ही नावं जन्माची. धामणगावचा गठ्ठा बाबांनी एस. टी.च्या कंडक्टरच्या हाती दिला. आमच्याकडच्या मी पत्ते घालून टाकल्या. एकसुद्धा मागे ठेवली नाही. ठेवली असती तर रात्रीत मन फिरलं असतं.

३ मे

व्हायचं ते झालं. धामणगावात चौघांनी विचारलं, सारजाबाई कोण? मधूची माय सावत्र आहे का? मामंजींनी तिसरी केली का? हे दुसरबीडला पोचायला एक दिवस पुरला. आत्याबाई मिळेल त्या जीपनं धामणगावला.

निरोप आला : मेलेलीचं नाव घरातून काढलं, ती आता नव्या सुनेच्या मुळावर येईल. पत्रिका बदला, नाहीतर वरात निघणार नाही.

आई देवापाशी बसून राहिली. बाबा पोस्टात. त्यांना आज कुलूप उघडायला दोनदा किल्ली लावावी लागली.

मला भीती वाटली. खोटं कशाला लिहू. लग्न मोडेल ही एक. आणि दुसरी, ती एकोणीस वर्षांची मुलगी. शाळेत मी पोरींना सांगते की भुतंखेतं नसतात. पण तिचं कोणीच राहिलं नाही, एक नाव होतं, त्यालाही मी धक्का लावला की काय?

संध्याकाळपर्यंत शेवग्याखाली बसून विचार केला. मग उठले आणि आत्याबाईंनाच पत्र लिहिलं. त्यांना वाचता येत नाही, म. वाचून दाखवतील. फार नाही लिहिलं. लिहिलं ते असं :

"द्वारका हे नाव तुमच्या घरातून जात नाही. ते मी घेऊन येते आहे. तिला वाचता येत होतं, मलाही येतं. गल्लीच्या चिठ्ठ्या पुन्हा तुमच्या ओट्यावर वाचल्या जातील. टाक मला द्या. तिचा घास मी रोज ठेवीन. सारजाबाईंनी तीस वर्षं ठेवला, आता त्यांना मोकळं करा. नाव मात्र माझं आहे, ते मी तांदळावर दुसरं लिहू देणार नाही. आपली, द्वारका."

पाकीट बंद केलं. बाबांच्या हातात दिलं.

४ मे

काही नाही. हळद दळून ठेवली. शेजारणी विचारतात मांडव कधी. आई माझ्या तोंडाकडे बघते.

५ मे

म. आले. ऊन उतरायच्या आत, घामाघूम. घोटभर पाणी प्यायले आणि सांगायला बसले. आज बाबांनी पेपर धरला नाही, समोरच बसले.

पत्र आत्याबाईंना वाचून दाखवलं. ऐकून म्हणाल्या, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. 'टाक मला द्या' या ठिकाणी त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग एवढंच म्हणाल्या, "पोरगी तोंडाची फटकय हाय." हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत.

"आणि मामंजी?"

म. म्हणाले, आबा ओसरीवर होते. त्यांनी खिळ्याला लावलेली पत्रिका काढली, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागले. गणपतीचं, कुलदेवतेचं, सगळं. वाचत वाचत त्या ओळीपाशी आले. अडले.

आत आई चुलीपुढे. हात पिठात.

"सौभाग्यवती सारजाबाई," आबा म्हणाले.

तीस वर्षांत त्यांनी बायकोचं कोणतंच नाव घेतलेलं नाही. म. यांनी तरी ऐकलेलं नाही. पुढचं वाचलंच नाही त्यांनी. जरा थांबून पुन्हा नुसतं "सारजा" म्हणाले, पत्रिका होती तिथे लावली, खांद्यावर दुपट्टा टाकला आणि वावरात निघून गेले. आत्याबाईंनी ऐकलं. म. निघाले तोवर आबा परतले नव्हते.

बाबांनी विचारलं, "मंग वरात निघते का नाई?"

"सांगता येत नाही. मी निघून राह्यलो, एवढं पक्कं."

त्यांना एस. टी.पर्यंत सोडायला गेले. लोक बघत होते, बघू दे. विचारलं, "आई काय म्हणाल्या?"

"काही नाही. आबा गेल्यावर मले म्हणे, काय म्हनले रे ते, मले चुलीच्या आवाजात आयकू नाई आलं. मी सांगितलं. मंग पीठ मळलं. मंग पुन्हा विचारलं. तीनदा विचारलं तिनं. चूल तं विझलेली होती."

गाडी आली, ते गेले.

घरी येते तर आई दारात. मांडवाच्या डहाळ्या तोडायला माणसं उद्या सांगायची की थांबायचं, विचारत होती. उद्याच सांग म्हटलं.